मयतीच्या घरात लीलाकाकू

लीलाकाकू वानखडे आमच्याकडे पहिल्यांदा आल्या त्या भांडायला.

खामगावात एका धर्मादाय दवाखान्याच्या मागच्या अंगाला आमची नेत्रपेढी होती. दोन खोल्या, एक फ्रीज आणि एक म्हातारी जीप. मी तिथे तंत्रज्ञ होतो. कुणाच्या घरी माणूस गेलं आणि घरच्यांनी नेत्रदानाचं ठरवलं, की फोन यायचा. डॉक्टर आणि मी पेटी घेऊन निघायचो. डोळे लवकर काढावे लागतात, म्हणून आमची नेहमी धावपळ. कापसाच्या एका आडत्याच्या म्हाताऱ्या आईचे डोळे आम्ही असेच घेऊन आलो होतो. सगळं नीट पार पडलं, असा आमचा समज होता.

तेरवी झाली आणि त्या आडत्याची बायको थेट आमच्या दारात उभी राहिली. अंगानं भरदार, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, चष्मा साखळीला लटकवलेला.

"कोण आलं होतं आमच्या घरी?" त्यांचा आवाज बाहेर औषधांच्या रांगेपर्यंत गेला. "माणूस गेलं होतं आमचं, आन् तुमी मीटर वाचाले आल्यावानी आले! कोणाशी बोलले नाई, चाल्ले नाई. दार लावून घेतलं. आत काय चालू हाय, कोणाले माहीत? माह्या नणंदेले वाटलं, आता आईचं तोंडच पाहाले भेटत नाई. आन् निघता निघता हे डॉक्टर काय म्हनतात? बॉडी घेऊन जाऊ शकता! बॉडी ट्रकाची असते, डॉक्टर. माह्या सासूचं नाव गोदावरी होतं."

डॉक्टर सज्जन माणूस. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, माफी मागितली आणि म्हणाले, "मग असं करा, तुम्हीच येत जा आमच्याबरोबर."

"त्याले काय मी भेऊन राह्यली का?" काकू म्हणाल्या. त्यानंतरचा फोन आला तेव्हा त्या जीपच्या पुढच्या सीटवर आमच्या आधी जाऊन बसल्या होत्या. मागे बसलं की त्यांना मळमळायचं. पुढे बसल्यावरही तोंडात लवंग लागायची. त्यामुळे डॉक्टर कायमचे मागे गेले.

काकूंना पगार नव्हता, आणि कुठलाही हुद्दा आमच्या ट्रस्टला सुचला नाही. पण त्या आल्यापासून आमचं काम बदललं. पोचलं की आम्ही दोघं पेटी घेऊन अंगणात थांबायचो. आधी काकू आत जायच्या. गेलेल्या माणसाचं नाव विचारायच्या आणि पुढे बोलताना त्या नावानंच बोलायच्या. "आता डॉक्टर वसंतरावजवळ बसतील जरासं. तुमच्यातलं कोणाले आत थांबायचं असंल तर थांबा. वसंतरावचा चेहरा जसा हाय तसाच राह्यते, पाहून घ्या." दार लावायची वेळच यायची नाही. लोक यायचे, लांबून बघायचे आणि शांत होऊन बाहेर जायचे.

मयतीच्या घरी चूल पेटत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण म्हणून घरातली सगळी माणसं सकाळपासून उपाशी असतात, हे फक्त काकूंच्या लक्षात यायचं. त्या एक मोठा थर्मास आणि बिस्किटांचे पुडे घेऊन निघायच्या. रडणाऱ्या बाईला चहा दिला तर ती नाही म्हणते. काकू चहा द्यायच्याच नाहीत, कप हातात ठेवायच्या आणि दुसऱ्या विषयावर बोलायला लागायच्या. गोठ्यातल्या म्हशीपासून भिंतीच्या रंगापर्यंत कुठलाही विषय चालायचा. बोलता बोलता चहा संपलेला असायचा.

मला त्यांनी एकच धडा दिला. "सुधाकर, रडनाऱ्याजवळ सगळं गाव बसते. तू जो उभा हाय ना, त्याच्याजवळ जा." खरंच, प्रत्येक घरात कुणीतरी एक उभं असायचं. तिरडीचं सामान मोजणारा मुलगा, नाहीतर पाहुण्यांच्या चपला सारख्या करत बसलेली सून.

हे सगळं वाचून लीलाकाकू म्हणजे कुणी साध्वी होत्या, असं वाटायला नको. खामगावात कुणाच्या सुनेनं माहेरी किती दिवस काढले आणि कुणाच्या जावयाचं कुठे अडलं, याची बातमी त्यांच्याकडे सर्वांत आधी असायची, आणि ती त्यांच्याकडे फार वेळ टिकायची नाही. भाजीबाजारात त्या आल्या की माळणी एकमेकींना खुणा करायच्या, कारण अर्धा तास घासाघीस करून काकू शेवटी कोथिंबीर फुकट नेणार हे ठरलेलं. पण मयतीच्या घरात ऐकलेलं एकही वाक्य मी त्यांच्या तोंडून बाहेर ऐकलं नाही. दोन भावांची मढ्यापुढे झालेली भांडणं, एखाद्या सुनेनं कानात सांगितलेलं काही, सगळं त्यांच्या पोटात राहायचं. मी एकदा खोदून विचारलं तर म्हणाल्या, "ते येगळं पोट हाय, बाबू."

सोनाळ्याची गोष्ट सांगतो. तिथल्या एका शिक्षकाचा फोन आला म्हणून आम्ही सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत गेलो. त्यांची आजी गेली होती. पोचलो तर आजीचे धाकटे भाऊ, पांढऱ्या मिशांचे पुंडलिकबुवा, काठी आडवी धरून ओसरीवर उभे. "आमच्या अक्काले पुढच्या जन्मी आंधयं करता का? चला निघा!"

डॉक्टरांनी समजावायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "बराबर हाय बुवा. तुमची बहीण हाय. तुमी नाई म्हनलं, झालं."

नातू बिचारा ओशाळला. डॉक्टर मला हळूच म्हणाले, "चला, निघू या." काकूंनी ऐकलं. "निघू? कुठी? डोये भेटत नाईत म्हणून मयतीले आलेला माणूस वापस जाते का?"

आणि आम्ही थांबलो. काकूंनी बायकांबरोबर आजीला आंघोळ घातली. बुवांना दोन कप चहा पाजला. आजीच्या लहानपणीच्या गोष्टी विचारल्या. खांदा द्यायला माणसं कमी होती, तर मी आणि डॉक्टरांनीही खांदा दिला. परतताना डॉक्टर चिडून म्हणाले, "काकू, डिझेल जळतं आपलं." काकू लवंग चावत म्हणाल्या, "जळू द्या. मानसं नाई जळाले पाह्यजे."

पुढच्या मोसमात पुंडलिकबुवा एसटीतून संत्र्यांची गोणी घेऊन काकूंच्या घरी हजर झाले. काकूंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. बुवांनी भरपेट जेवण केलं आणि निघताना बजावलं, "मी अजूनबी नाईच म्हनतो, बरं का." काकू इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा वरणात पडला.

त्यांना राग मात्र यायचा, आणि तोही भयंकर. एका गावात तरुण मुलाच्या डोळ्यांचं दान होत होतं. तिथे एक पुढारी चार कार्यकर्ते घेऊन आला. हार, शाल, मोबाईल धरणारा पोरगा, सगळा सरंजाम. मुलाच्या बापाला ओढून उभं करत तो म्हणाला, "या इकडे, एक फोटो काढू. समाजाला प्रेरणा मिळते." बाप बिचारा उठला. काकू आतून आल्या, पुढाऱ्याच्या हातातली शाल काढून घेतली आणि त्याच्या हातात दोन रिकाम्या घागरी दिल्या.

"बरं झालं आले, भाऊ. आंघोळीले पाणी कमी पडून राह्यलं. हापशी तिकडे हाय."

सगळं गाव बघत होतं. पुढाऱ्याला नाही म्हणता येईना. तो पाणी भरत राहिला. कार्यकर्त्यानं सवयीनं त्याचाही फोटो काढला. पुढच्या निवडणुकीत तो फोटो पुढाऱ्यानं वापरला, असं लोक सांगतात.

पण काकू म्हटलं की मला आठवते ती ज्योती. तिला मी कधी बोलताना पाहिलं नाही, तरीही.

ज्योती खामगावजवळच्या एका खेड्यातल्या भाजीवाल्या शेतकऱ्याची मुलगी. डोणगावला दिलेली. नवरा सचिन, मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. मेहकरहून मोटारसायकलवर येताना अंधारलेल्या गतिरोधकावर गाडी उडाली. सचिनच्या कोपराला खरचटलं. ज्योती डोक्यावर पडली. तिला अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, पण मेंदू कायमचा बंद पडला होता. यंत्रामुळे तेवढा श्वास चालू होता.

अशा वेळी अवयवदानाबद्दल घरच्यांशी बोलायला तिथे एक समन्वयक मुलगी होती. चांगली, समंजस. तिचा आमच्या डॉक्टरांना फोन आला. ती म्हणाली, "इथे दोन्ही घरं एकमेकांशी बोलत नाहीत. नवरा म्हणतो तिच्या आईला विचारा, आई म्हणते मुलगी जिवंत आहे. होकार मिळवायला नको, पण त्यांच्या बोलीतलं कुणीतरी नुसतं जवळ बसायला हवंय. काकू येतील का?"

मी काकूंना घेऊन सकाळीच निघालो. अतिदक्षता विभागाच्या बाहेर बाकावर ज्योतीची आई शोभाताई बसली होती. बाप भिंतीकडे तोंड करून. एक मामा येरझाऱ्या घालत होता. आदल्या दिवशी तो सचिनच्या अंगावर धावून गेला होता.

काकू शोभाताईशेजारी बसल्या. "लेकीचं नाव काय, माय?"

"ज्योती." मग एकदम, "तिचा श्वास चालू हाय वं. छाती गरम हाय. आन् हे लोक कायच्या दानाची गोठ करून राह्यले?"

काकूंनी समजूत घातली नाही. त्या उठल्या, तिथल्या डॉक्टरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "तिच्या आईले पुन्हा सांगा. आन् नुसतं सांगू नका, दाखवता येत असंल तर दाखवा." ज्योतीची दुसऱ्यांदा तपासणी त्याच सकाळी व्हायची होती. त्यात थोडा वेळ यंत्राचा श्वास थांबवतात आणि पेशंट स्वतःहून श्वास घेतो का ते बघतात. डॉक्टरांनी शोभाताईला खाटेजवळ उभं राहू दिलं. काकू तिच्या मागे, हात पाठीवर.

शोभाताई बाहेर आली आणि बाकावर बसली. म्हणाली, "चादर हालली नाई. मी पाहत होती. जराबी नाई हालली."

मी काकूंकडे बघितलं. त्या शोभाताईचा हात आपल्या मांडीवर घेऊन बसल्या.

मग शोभाताईनंच विचारलं, "दान करतात म्हंजे फाडून टाकतात का लेकीले?"

"फाडत नाईत. ऑपरेशन करतात, जसं जित्या माणसाचं करतात तसं. टाके घालतात. तुह्याशी खोटं बोलत नाई, पोटावर टाके राह्यतील. चेहऱ्याले काई होत नाई."

"केस कापतील?"

"केसाले हात लावत नाई कोणी."

"आन् मी नाई म्हनलं तर?"

"तर नाई. कोणी तुले इचारनार नाई, काऊन म्हणून. मी तरीबी इथीच हाय, तुह्याजवळ."

शोभाताईनं विचारलं, "जवई काय म्हनते?" दोन दिवसांत तिनं त्याचं नाव पहिल्यांदा काढलं होतं.

सचिन खाली, स्कूटर लावायच्या जागेत कडुलिंबाखाली उभा होता. काकू जिना उतरून त्याच्याकडे गेल्या, म्हणाल्या, वर चाल. मी मागे. तो म्हणाला, "मी नाई येत, काकू. माह्यं तोंडबी पाहू नये त्याइनं. मी तिले घरी नाई आणू शकलो."

"तुले बोलाले नाई बोलावलं रे. बसाले बोलावलं. बसता येते का नाई?" आणि काकूंनी त्याचं मनगट धरून त्याला वर आणलं, जत्रेत चुकलेल्या पोराला आणावं तसं.

मामा पुढे सरकलाच. काकू त्याला म्हणाल्या, "भाऊ, जरा सगळ्याइले चहा सांगा न खाली जाऊन. आन् माह्या चहात साखर कमी." मामा गोंधळला आणि गेला.

सचिन बाकाच्या टोकाला बसला. शोभाताईनं त्याच्याकडे पाहिलं. कोपराची पट्टी मळून काळी झाली होती, रक्त वाळलं होतं. दोन दिवस कुणी बदलली नव्हती.

"पट्टी काऊन नाई बदलली?" ती म्हणाली.

आणि तो मोठा बाप्या तिच्या पायाशी बसून हमसून हमसून रडला. शोभाताईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. भिंतीकडे तोंड केलेला बापही वळला. मग ती म्हणाली, "तुले काय वाटते, सचिन? सांग."

"आई, मले वाटते द्यावं. तिचं चांगलं हाय ते कोणाच्या कामी पडावं. पण तुमी म्हनाल तसंच. माह्या हातून आता तिचं अजून काई बिघडाले नाई पाह्यजे."

शोभाताईनं नवऱ्याकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. "मंग देऊ," ती म्हणाली. "पण मले ती नीट वापस पाह्यजे. साडी नेसवून पाह्यजे."

"मी नेसवीन," काकू म्हणाल्या.

पुढे दिवसभर त्या अंगात वारं भरल्यासारख्या फिरत होत्या. अपघाताची केस, त्यामुळे पोलिसांशिवाय पान हलत नव्हतं. आलेला हवालदार सकाळपासून ड्युटीवर, भुकेला आणि वैतागलेला. काकूंनी त्याला आधी पोळी-भाजी खाऊ घातली, त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. जेवणानंतर पंचनाम्याला असा वेग आला की समन्वयक मुलगी बघतच राहिली. काकूंनी तिलाही बळजबरीनं दोन घास खायला लावले. "तूबी कोणाची तरी लेक हाय," असं म्हणून.

ज्योतीला ऑपरेशनसाठी आत नेलं तेव्हा दोन्ही घरं खाटेबरोबर दारापर्यंत चालत गेली. मामाही. दाराशी सचिन थांबला, तिच्या कपाळावर हात ठेवला आणि बाजूला झाला. दुपारभर काकू त्या दारासमोर खुर्ची टाकून बसून राहिल्या. मी म्हटलं, काकू, आत तर तुम्हाला जाता येत नाही, मग इथे कशाला? म्हणाल्या, "मी तिच्या मायले सांगतलं ना, की जवळ राह्यते म्हणून."

यकृत, दोन्ही मूत्रपिंडं आणि डोळे गेले. कुठे गेले ते आम्हाला सांगत नाहीत आणि आम्ही विचारत नाही. मग काकूंनी, नर्सनं आणि शोभाताईनं मिळून ज्योतीला हिरवी साडी नेसवली. शोभाताईच्या हातात कंगवा दिला. मी दाराबाहेर होतो, तरी ऐकू आलं.

"भांग मधी पाडू का बाजूले?" काकूंनी विचारलं.

"बाजूले. मधला तिले आवडे नाई. म्हने, म्हातारी दिसते मी."

आणि त्या तिघी बायका आत चक्क हसल्या. हसल्या आणि रडल्या.

परतीच्या वाटेवर बाळापूर आलं. एका हॉटेलपुढे काकू म्हणाल्या, "थांबव." मिरचीची भजी मागवली. खाता खाता त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. मी पाण्याचा पेला पुढे सरकवला. प्लेट संपल्यावर त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मिरची तिखट हाय," म्हणाल्या. "आन् तू गाडी चालवतो का बैलगाडी? चाल लवकर, घरी पाहुणे येऊन बसले असतील."

दान झालं की आमचं काम संपायचं. काकूंचं तिथून सुरू व्हायचं. तेरवीनंतर पाहुणे पांगतात आणि घर भकास होतं, तेव्हा त्या जायच्या. पहिल्या सणाला तर जायच्याच. संक्रांतीला तिळाचे लाडू घेऊन शोभाताईकडे गेल्या, तेव्हा मीच सोडायला गेलो होतो. शोभाताई म्हणाली, "ताई, मले येड लागलं का काय? बाजारात कोणी तरणी, धडधाकट पोरगी दिसली का मी पाहतच राह्यते. वाटते, हिच्यातच असंल का माह्या ज्योतीचं काई?"

"मंग पाह्य ना," काकू म्हणाल्या. "पाहाले का पैसे लागतात?"

शोभाताई ओशाळून हसली. त्या दिवशी तिनं खूप दिवसांनी पुरणाचा बेत केला, आणि काकूंनी पुरण सैल झालं म्हणून तिला दोन गोष्टी ऐकवल्या. मला वाटतं, शोभाताईला त्याचाच आधार वाटला. बाकी सगळे तिच्याशी काचेच्या भांड्याशी वागावं तसं वागत होते.

सचिनचं दुकान बंदच होतं. ते उघडायला लावलं ते या दोघींनी. पुढे त्याचं लग्न करायचा हट्टही या दोघींचाच. तो दोन वर्षं नाही नाही म्हणत राहिला. शेवटी शोभाताईनंच मुलगी पाहिली, पसंत केली आणि त्याला सांगितलं, "मी तुले इचारून नाई राह्यली, सांगून राह्यली."

लीलाकाकू आता नाहीत. त्या लग्नानंतरच्याच हिवाळ्यात नाशिकला मुलाकडे गेल्या असताना झोपेतच गेल्या. मुलाचा मला फोन आला. म्हणाला, "आई सांगून ठेवायची, काही झालं की आधी सुधाकरले फोन कर. आता मी काय करू?" मी त्याला सांगितलं. पंखा बंद कर, डोक्याखाली उशी दे, डोळ्यांवर ओला कापूस ठेव. नाशिकच्या नेत्रपेढीच्या लोकांना मी इथून कळवतो. ते येईपर्यंत तो आणि मी फोनवर बोलत राहिलो. काकूंच्या भाजीबाजारातल्या गोष्टी मी त्याला सांगितल्या. मधेच तो हसला.

पण मला त्या शेवटच्या दिसल्या त्या डोणगावला, सचिनच्या लग्नात. भगव्या रंगाचं लुगडं, नाकात नथ, मांडवात सगळ्यांच्या पुढे. मंगलाष्टकं चालू झाल्यावर त्या मुठी भरभरून अशा अक्षता फेकत होत्या की भटजी मधेच थांबून म्हणाले, "काकू, अक्षता हायत ह्या. पेरणी नाई." सगळा मांडव हसला. नवरदेवाच्या मागे शोभाताई उभी होती. तिचे डोळे भरले, तशा दोन बायका कुजबुजल्या. काकूंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्या गप्प झाल्या. नवी सून पाया पडायला वाकली तेव्हा शोभाताईनं तिची हनुवटी उचलली आणि म्हणाली, "गाडी हळू चालवाले लावजो त्याले, माय." सचिननं खाली मान घातली. सुनेनं हो म्हटलं.

बहुतेकांची जेवणं उरकली. मी मागच्या पंगतीची वाट बघत उभा होतो. खामगावकडे निघालेल्या भाड्याच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी काकू आणि शोभाताई दाटीवाटीनं बसल्या होत्या. मठ्ठ्यात मीठ जास्त होतं की कमी, यावर दोघींचं कडाक्याचं भांडण चाललं होतं. जीप सुरू झाली. काकूंनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या,

"सुधाकर, वांग्याची भाजी मस्त झाली! जेवल्याशिवाय जाऊ नको!"

मग धूळ उडाली, जीप वळणावर गेली, आणि तरी त्यांचा हात बाहेर हलतच होता.